हात मागे

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं. आधी ठण्ण झालं, मग ते फरशीवरून गरगरत दारापर्यंत आलं आणि थांबण्याआधी झाकणं करतात तशी घाईघाईची थरथर करून गप्प झालं. ओलं झाकण ओट्याच्या कडेला उभं करून ठेवायची सासूबाईंची सवय, त्यामुळे ते पडणारच होतं. पण बराच वेळ घरात कुणी काही बोललेलं नव्हतं, म्हणून आवाज फार मोठा वाटला. मी, नवरा आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत माझी बॅग भरत होतो. तिघांच्याही माना एकदम वळल्या. झाकणाकडे नाही, चिंगीकडे.

आमच्या घरात काही पडलं की पडलेल्या वस्तूकडे कुणी बघत नाही. माझ्या मुलीकडे बघतात.

चिंगी फरशीवर पालथी पडून माझ्या लोकरी मोज्यांच्या जोड्या लावत होती. तिला झाकणाचा पत्ताच नव्हता. जरा वेळाने तिला आमचे चेहरे दिसले, आणि तिने लगेच आपले हात, मग मोजे, मग फ्रॉक तपासून पाहिला. कुठे काही पडलं की सगळे आपल्याकडे बघतात, आणि आपल्याकडून काहीतरी राहिलेलं असतं, एवढं तिला कळलंय. काय राहिलंय ते तिला सापडत नाही.

"आज जरा हललीशी वाटली," सासूबाई म्हणाल्या.

"मोजा ओढत होती, म्हणून हलली," नवरा म्हणाला.

"तुला काय कळतंय? पापणी हलली."

"पापणी सगळ्यांचीच हलते, आई."

सासूबाई झाकण उचलायला आत गेल्या. मी मोजे बॅगेत कोंबले.

चिंगीला पाचवं लागलंय. जन्मल्यापासून तिला ऐकू येत नाही. कानामागची यंत्रं लावून झाली, त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला पहिल्याच भेटीत एक नियम घालून दिला होता. हातवारे करायचे नाहीत. हातांनी सांगितलेलं मुलांना सोपं जातं, मग ती ओठांकडे बघायचा कंटाळा करतात आणि बोलायची राहतात. म्हणून चिंगीशी बोलताना तोंड तिच्यासमोर, शब्द सुटेसुटे आणि हात मागे.

आम्ही तो नियम औषधासारखा पाळला. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. संध्याकाळी आला की नखांतलं ग्रीस काढायच्या आधी लेकीसमोर उभा राहायचा, हात मागे बांधून, साहेबाने केबिनमध्ये बोलावल्यासारखा, आणि म्हणायचा, "बा. बा. आ. ले." सासूबाईंचे हात जिभेपेक्षा जास्त बोलणारे, त्या ते मांडीखाली दाबून बसायच्या. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडे आलं की मला शाळेतली कवायत आठवते गं."

चिंगीने यातून घेतलं ते असं. तिला काही सांगायचं असलं की ती आमच्यासमोर येऊन उभी राहते, दोन्ही हात पाठीमागे नेते, आणि तोंड उघडते, मिटते, उघडते, मिटते. आवाज नाही. बोलणं म्हणजे हेच, असं तिला वाटतं. मग ती आमच्याकडे बघत थांबते, आणि आम्ही अंदाज करत बसतो. पाणी? भूक? बाहेर? बहुतेक वेळा आमचं चुकतं. तीही फार हट्ट करत नाही. शहाणी आहे.

तिच्यासाठीच मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. कर्णबधिर मुलांना शिकवायचा अभ्यासक्रम. वर्गात बाकीच्या पोरी माझ्याहून कितीतरी लहान. मी बाकाखाली डब्यातले उरलेले तुकडे खायचे, म्हणजे घरी पोचल्यावर तो वेळ चिंगीला देता येईल. दुसऱ्या वर्षी एका अभ्यासदौऱ्यासाठी माझी निवड झाली. दूर उत्तरेकडच्या एका थंड देशात कर्णबधिर मुलांची मोठी शाळा होती, ती आत बसून बघायची. आणि त्याच गावात कानाचं एक नावाजलेलं रुग्णालय होतं.

खरं तर घरातून होकार मिळाला तो त्या रुग्णालयामुळे. डोक्याच्या आत यंत्र बसवायची शस्त्रक्रिया असते. आमच्याकडचा एक डॉक्टर म्हणाला होता, करून टाका. दुसरा म्हणाला होता, हिच्या बाबतीत उपयोग होईलसं वाटत नाही. आमच्या दौऱ्याच्या मॅडमनी तिथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलं होतं, त्या चिंगीच्या तपासण्यांची चित्रं बघणार होत्या. तिथल्या बाई सांगतील ते खरं मानायचं, असं घरात ठरलं. बोलून कुणी दाखवत नव्हतं, पण सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढे जास्त वेळ बसायला सुरुवात केली होती आणि नवरा येताजाता माझ्या बॅगेची चाकं तपासत होता.

निघायच्या सकाळी चिंगीने बॅगेला मिठी मारली आणि सोडेना. तिचं रडणं मोठं असतं. आपलं रडणं किती मोठं आहे हे तिला माहीत नाही. मी गुडघ्यावर बसले, हात मागे घेतले, म्हटलं, "आई. परत. येणार." तिने माझ्या ओठांकडे बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. त्यांनी चिंगीची हनुवटी वर केली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मांडीखालचे हात बाहेर काढले. एका तळव्याचं विमान केलं. ते माझ्यापासून उडवून छताकडे नेलं, लांब नेलं, खाली उतरवलं. मग बॅगेवर थोपटलं. बॅगेतून काहीतरी अलगद उचलल्यासारखं केलं आणि ते चिंगीच्या कानात ठेवलं. एका कानात, मग दुसऱ्या. मग स्वतःचे डोळे मोठे केले, जसं काही कुणी हाक मारली.

चिंगीचं रडणं मध्येच तुटलं. अंधाऱ्या खोलीत कुणी दिवा लावल्यावर माणूस बघतं तशी ती त्या हातांकडे बघत होती. तिने सासूबाईंचं मनगट धरून हलवलं. पुन्हा. त्यांनी पुन्हा केलं. मग चिंगीने स्वतः केलं. विमान, बॅग, कान. तिने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि बॅग सोडून दिली.

"आई, हात," मी म्हटलं.

"असू दे गं. एवढं एकदाच. रडवून कशाला निघायचं घरातून."

मी जिना उतरले तेव्हा ती गॅलरीत उभी होती. तिचा तळवा गजांच्या बाहेर येऊन उडत होता.

दौऱ्यावरची मुलं वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेली. विमानतळावरच पहिल्यांदा एकमेकांना भेटलो. एक मुलगी अखंड बोलायची, तिचं नाव तिच्याच कॉलेजने रेडिओ ठेवलेलं. एक मुलगा इतका उंच की त्याच्या स्वेटरच्या बाह्या कोपराशी संपायच्या, तो लंबू. मी सगळ्यांत मोठी. माझ्या पर्समध्ये सुईदोरा, गोळ्या, बिस्किटं, कागदी रुमाल. पोचायच्या आधीच लंबूने माझं नाव मदरबोर्ड ठेवलं.

"सगळ्यांच्या वायरी शेवटी हिच्याकडेच येतात," तो म्हणाला. "मदरबोर्ड, डोकेदुखीची गोळी."

"आधी काहीतरी खा, मग गोळी."

"बघा. चालू झाला."

घरी एक मुलगी आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. पुढचं सांगितलं की माणसांचे चेहरे बदलतात, आणि मला थोडे दिवस न बदललेल्या चेहऱ्यांत राहायचं होतं.

राहायला एका वसतिगृहात एकावर एक पलंग होते. माझ्या वर रेडिओ. खिडकीखालच्या गरम नळ्यांवर सगळ्यांचे ओले मोजे वाळत असायचे, खोलीला तोच वास. बाहेर रस्त्यावर बर्फ आणि त्यावर टाकलेली खडी, चालताना दात खाल्ल्यासारखा कर्रकर्र आवाज. पहिल्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांच्या दंडाला धरून म्हाताऱ्यांसारखे शाळेपर्यंत गेलो. लंबू पडला तर किती लांबपर्यंत पडेल यावर पैज लागली. मी हसले. किती दिवसांनी हसतेय, असं मनात आलं आणि हसू थांबलं.

शाळेत शिरल्यावर आधी वाटलं, सुट्टी आहे. इतकं शांत. मग दार उघडलं आणि दिसलं, खोलीभर मुलं बोलत होती. हातांनी. एवढाल्या खोलीत केवढी बडबड चाललेली, आणि ऐकू येत होती फक्त खुर्च्यांची सरकासरक.

माझ्या कॉलेजात हातांची भाषा शिकवत नाहीत, ओठ वाचायलाच शिकवतात. रेडिओ आणि लंबू दुसऱ्या कॉलेजातले, त्यांना ती येत होती. लंबू तर त्यात पहिला आलेला. त्याने मोठ्या तोऱ्यात एका मुलासमोर बसून हात चालवले. नमस्कार, मी लांबून आलोय, तुझं नाव काय. मुलाने शांतपणे सगळं बघून घेतलं, शेजारच्याला बोलावलं, पुन्हा करायला लावलं, आणि दोघं पोट धरून हसायला लागले. ही भाषा जगात सगळीकडे एकच असते असं आम्ही सगळेच समजून चाललो होतो. मॅडमसुद्धा. त्या मुलाने मग लंबूची बोटं हातात घेतली आणि एकेक वळवून बरोबर बसवली, बारक्या पोराला पेन्सिल धरायला शिकवावं तशी.

"माझी इतकी इज्जत कुणी काढली नव्हती," लंबू म्हणाला.

"होती कुठे काढायला," रेडिओ म्हणाली.

मी एका कोपऱ्यात लहान खुर्चीवर बसून होते. समोर दोन मुली एका बाहुलीवरून भांडत होत्या. पहिली काही बोलली, दुसरीने डोळे घट्ट मिटून घेतले, म्हणजे मला ऐकायचंच नाही. पहिली तिच्या पापण्या बोटांनी उघडायला लागली. मग एक मुलगी, चिंगीच्याच वयाची, शिक्षिकेच्या मांडीशी येऊन काहीतरी सांगायला लागली. फार वेळ सांगत होती. तिचे हात उंच गेले, पडले, कशाच्या तरी मागे लपले. शिक्षिका स्वतःही बहिरी होत्या, पिकलेल्या केसांची एक वेणी. त्या मन लावून बघत होत्या. शाळेने दिलेला दुभाष्या मॅडमच्या कानाशी बोलला आणि मॅडमनी आम्हाला सांगितलं, "काल तिला स्वप्न पडलं, ते सांगतेय. आजोबा झाडावर चढले होते आणि खाली यायला तयार नव्हते."

सगळे हसले. मी उठून बाहेर आले. व्हरांड्यात मुलांचे छोटे बूट ओळीने लावलेले होते. चिंगी झोपेत कधी कधी दचकते, कधी हसते. तिच्याही डोळ्यांपुढे कुणीतरी झाडावर चढत असेल. ती सकाळी उठते, आमच्यासमोर उभी राहते, हात मागे नेते आणि तोंड उघडते, मिटते. आणि आम्ही म्हणतो, पाणी हवंय का?

काही दिवसांनी एका दुपारी घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी सासूबाईंचं कपाळ, मग छत, मग चिंगी. रेडिओने वरच्या पलंगावरून डोकं खाली सोडलं. "अय्या, हीच का? हॅलो गं सोनू." चिंगी तिच्या उलट्या डोक्याकडे बघत राहिली. रेडिओने पुन्हा हाक मारली. मग माझ्याकडे बघितलं.

"तिला ऐकू येत नाही?"

"नाही."

"आणि इतके दिवस आपण एका खोलीत राहतोय."

"सांगायचं राहिलं."

"मदरबोर्ड, हे राहत नसतं."

पण तिचा चेहरा बदलला नाही. ती खाली उतरली, फोनसमोर बसली आणि गालांवर बोटं ओढून मांजराच्या मिशा केल्या. चिंगीने श्वास रोखला. रेडिओने मिशा केल्या, पंजा चाटला, अंग फुगवलं. चिंगीने स्वतःच्या गालांवर बोटं ओढली, आणि पडद्याबाहेर कुठेतरी बोट दाखवलं. आमच्या मागच्या गॅलरीत एक मांजर येतं. ती त्याच मांजराबद्दल बोलत होती. मला कळलं. अंदाज न करता कळलं.

पडदा हलला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या पोरीला सांग ना हात खाली घ्यायला. बोलायला शिकवणाऱ्या बाई काय म्हणाल्यात विसरलीस का? आता इतक्या जवळ आलोय, आता नको." आणि मग हळूच, "दाखवलीस का ती चित्रं?"

"उद्या, आई."

त्यांच्या खांद्यामागून चिंगी डोकावली. घाईघाईने तिने केलं. विमान, बॅग, कान. मग दात काढून हसली. फोन बंद झाला.

"हे काय म्हणत होती ती?" रेडिओने विचारलं.

मी सांगितलं. आमच्या सगळ्या ओळखीत रेडिओला गप्प मी तेव्हा एकदाच पाहिलं.

डॉक्टरीणबाईंची खोली छोटी होती. एक टेबल, एक पडदा, कोपऱ्यात मुलांसाठी लाकडी ठोकळे. मॅडम माझ्याबरोबर होत्या. बाईंनी चिंगीच्या डोक्याच्या आतली चित्रं पडद्यावर लावली आणि पुढे-मागे करत बघितली. एका जागी थांबल्या. पुन्हा मागे गेल्या. पुन्हा तिथेच थांबल्या. लिफ्टमध्ये अडकल्यावर माणसं आकड्यांकडे बघतात तशी मी त्यांच्या बोटाकडे बघत होते.

"कान तयार झालाय," त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "आतला शंखही आहे. पण इथून मेंदूकडे जाणारी नस असायला हवी होती, ती तयार झालेली नाही. दोन्ही बाजूंना नाही. आम्ही यंत्र बसवू शकतो. ते काम करेल. पण त्याने पाठवलेलं पुढे जायला वाट नाही."

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. मी विचारलं, "थोडासुद्धा फरक?"

"मी तुम्हाला हो म्हटलं तर ते खोटं होईल."

एवढं मी सहन केलं. खरं सांगायचं तर एवढ्याची तयारी मनात कुठेतरी करून ठेवली होती. मग त्यांनी पेन उघडलं आणि साधेपणाने विचारलं, "तिची भाषा कोणती?"

"आमच्या घरात मराठी बोलतात."

"घरातली नाही. तिची. ती कोणत्या भाषेत बोलते तुमच्याशी? खुणांची कोणती भाषा?"

"खुणा आम्ही करत नाही. तिला बोलायला शिकवतोय. ओठ वाचायला."

"बरं. किती शब्द येतात?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम टेबलाकडे बघत होत्या. आमच्याच कॉलेजात त्या ओठ वाचायला शिकवत.

"एकही नाही," मी म्हटलं.

बाईंनी लिहिलं नाही. पेन मिटून ठेवलं. मग म्हणाल्या, "आजच सुरू करा. कोणतीही भाषा, पण हातांची. ही पहिली वर्षं परत येत नाहीत. त्यानंतर मुलं शिकतात, पण..." त्यांनी हात हवेत उघडला आणि तसाच ठेवला.

बाहेर येऊन मी रस्त्यावरच्या एका बाकावर बसले. नवऱ्याला फोन लावला. तो कामावर होता, पाठीमागे लोखंडाचा आवाज येत होता. मी बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे केबिन आहे, मोटर आहे," तो म्हणाला. "दोरच नाही."

"हो."

"दोर टाकता येत नाही?"

"नाही."

"नवीन?"

"नाही रे."

"बरं." कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने थांब म्हणून सांगितलं. "आईला मी सांगतो. तू नको सांगूस. ती रोज त्या पोरीला घेऊन गॅलरीत बसते. विमान, बॅग, कान. रोज. मी म्हटलं, आई, पुरे, तर म्हणते, तिला तेवढंच एक कळतंय, करू दे." त्याचा आवाज घसरला. "चिंगीला कोण सांगणार?"

मी फोन ठेवला. बाकावरचा बर्फ वितळून कपड्यांच्या आत शिरत होता, तरी मी बसून राहिले. जन्मल्यापासून आम्ही तिला सुटेसुटे शब्द सांगत आलो. बा, बा. पा, णी. त्यातलं काही पोचलं नाही. पोचलं ते एकच, आजीने हातांनी सांगितलेलं. आमच्या मुलीला जगात एकच पूर्ण वाक्य येत होतं, आणि ते खोटं होतं.

राहिलेले दिवस रेडिओ आणि लंबू माझ्या मागे लागले. बसमध्ये, जेवणाच्या रांगेत, मोजे वाळत असताना. आपल्याकडच्या खुणा, जेवढ्या बसतील तेवढ्या. दूध, झोप, ये, कुत्रा, दुखतंय, आणखी. माझे हात वळायचे नाहीत. इतकी वर्षं मागे राहून ते लाकडाचे झाले होते.

"मदरबोर्ड, तू दूध म्हणत नाहीयेस, तू कुणाचा तरी गळा दाबतेयस," लंबू म्हणाला.

"मला दुसरं शिकव," मी म्हटलं. "आणायला गेले होते, पण तिथे नव्हतंच. मिळणारच नाही कधी. हे कसं सांगायचं?"

लंबूने हात वर घेतले. काही खुणा केल्या, मध्येच थांबला, पुन्हा पहिल्यापासून केल्या. मग हात मांडीवर ठेवले.

"मी करून दाखवीन गं. खुणा आहेत. पण हे कळायला तिला आधी 'होतं' आणि 'नव्हतं' कळायला पाहिजे. 'कधीच' कळायला पाहिजे. तिच्याकडे आत्ता फक्त..." त्याने बोलणं सोडून दिलं.

"विमान, बॅग आणि कान," मी म्हटलं.

"आणि मांजर," रेडिओ म्हणाली.

निघताना विमानतळावर लंबूने एक पुडकं माझ्या बॅगेत सरकवलं. "भाचीला." आत लोकरीची टोपी होती, कानांवर उतरणाऱ्या दोन गुबगुबीत पट्ट्यांची. त्याच्या डोक्यात एवढंच होतं की लहान मुलांना असल्या टोप्या गोड दिसतात.

घराचं दार नवऱ्याने उघडलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बॅग हातातून घेतली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे सुजलेले, हात मांडीखाली. त्या उठल्या नाहीत. "आलीस," एवढंच म्हणाल्या.

चिंगी आतून धावत आली. मी हात पसरले. ती माझ्या हातांखालून गेली आणि बॅगेपाशी बसली.

चेन तिलाच उघडायची होती. तिने एकेक बाहेर काढलं, नीट, घाई न करता, जसं काही खाली काही नाजूक ठेवलेलं आहे. स्वेटर. मोजे, जोडी लावून बाजूला. कंगवा कानाशी नेऊन पाहिला, ठेवला. साबणाची डबी हलवून पाहिली. आम्ही तिघंही बघत होतो. कुणी तिला थांबवलं नाही. थांबवायचं तर काय सांगून?

मग टोपी निघाली. तिने पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या, आणि तिचा चेहरा उजळला. टोपी डोक्यावर चढवली. दोन्ही पट्ट्या कानांवर दाबून धरल्या आणि खोलीच्या मधोमध थांबून राहिली.

मग तिला काहीतरी आठवलं. ती स्वयंपाकघरात पळाली आणि डब्याचं झाकण घेऊन आली. आमच्याकडे एकदा बघून घेतलं, सगळे आहेत ना. आणि झाकण फरशीवर टाकलं.

ठण्ण झालं. झाकण गरगरत माझ्या पायाशी आलं, थरथरलं, थांबलं.

आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं.

तिने आमचे चेहरे पाहिले, एकेक करून. तेच चेहरे होते. तिने टोपी काढली, आत हात घालून चाचपलं, झटकली, पुन्हा घातली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझे हात कधी मागे गेले होते ते मला कळलंही नव्हतं. मी ते पुढे आणले. शिकलेलं सगळं त्यांत होतं, दूध, झोप, ये, कुत्रा, दुखतंय, आणि ते तसेच हवेत राहिले.

चिंगीने या वेळी हात मागे नेले नाहीत. तिने तळव्याचं विमान केलं, लांबून आणून माझ्यावर उतरवलं. बॅगेवर थोपटलं. कानाला बोट लावलं. मग दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडे धरले, भुवया वर नेल्या, आणि माझ्या हातांकडे बघत उभी राहिली.